खात्यातून पुन्हा पुन्हा पैसे जातात : आधी वाट ओळखा, मग ती बंद करा

पासबुक भरून आणलं की मधेच एखादी अनोळखी नोंद दिसते. कधी ९९ रुपये, कधी १,५००, कधी थेट १०,०००. आपण तर काढलेले नाहीत. मग शाखेत जायचं, एटीएमचा पिन बदलायचा आणि निर्धास्त व्हायचं. महिनाभराने पुन्हा तेच. बहुतेक वेळा कारण साधं असतं : पैसे गेले अंगठ्याच्या वाटेने आणि कुलूप लागलं कार्डाच्या वाटेला. खात्यातून पैसे बाहेर पडायच्या पाच-सहा वाटा आहेत आणि प्रत्येकीची कडी वेगळी आहे. पिन बदलल्याने आधारवरून होणारी उचल थांबत नाही. कार्ड ब्लॉक केल्याने यूपीआयचं ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या तारखेची आपोआप वसुली, बंद होत नाही. सिम बंद केलं तरी एनएसीएचचा, म्हणजे बँकेमार्फत दिलेल्या परवानगीवर आपोआप जाणारा, हप्ता कापला जातो. म्हणून पैसे कुठल्या वाटेने गेले, हे आधी ठरवायचं.

त्याआधी एक सूचना. पैसे आज, आत्ताच गेले असतील तर पुढचं नंतर वाचा.

पैसे नुकतेच गेले असतील तर

१९३० हा क्रमांक लावा. आर्थिक सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथून तुमच्या आणि समोरच्या बँकेला यंत्रणेतून थेट सूचना जाते आणि पैसे ज्या खात्यात आहेत तिथेच गोठवण्याचा प्रयत्न होतो. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चार वेगळ्या खात्यांत आणि तिथून एटीएममधून रोख, अशी साखळी असते. साखळीच्या पहिल्या कडीवर पकडले तर पैसे हाती लागतात, रोख निघाल्यावर फार अवघड होतं. त्यामुळे शाखा उघडायची वाट पाहत रात्र काढणं हीच सगळ्यांत महाग पडणारी चूक.

फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या : बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख आणि वेळ, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवण्याची सोय) संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो, एसएमएसमध्ये किंवा ॲपच्या इतिहासात सापडतो. तीन व्यवहार झाले असतील तर तिन्हींचे क्रमांक द्या, कारण ज्याचा क्रमांक दिला नाही त्या रकमेचा माग निघत नाही. तक्रार नोंदली की पोचक्रमांक येतो, तो जपून ठेवा. तो क्रमांक वापरून सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर २४ तासांच्या आत सविस्तर तक्रार भरून टाका. फोनवरची अर्धी माहिती तशीच राहिली तर तक्रार लंगडी पडते.

१९३० लागत नसेल तर थेट पोर्टलवर नोंद करा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. तो गुगलवर शोधू नका. शोधात वर येणारे कस्टमर केअरचे कितीतरी नंबर ठगांनीच टाकलेले असतात, आणि घाबरलेला माणूस तिथे फोन करून उरलेलेही घालवतो. संकेतस्थळ पाहायचं असेल तर पत्ता डॉट बँक डॉट इन ने संपतो का ते बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

पासबुकातली ओळ वाचायला शिका

प्रत्येक नोंदीपुढे एक तुटक मजकूर छापलेला असतो. बँकेगणिक शब्द थोडे बदलतात, पण खुणा त्याच. एटीएम, एटीडब्ल्यू, एनडब्ल्यूडी किंवा सीडब्ल्यूडीआर असेल तर कार्डाने रोख निघाली. पीओएस किंवा ईकॉम असेल तर कार्डाने खरेदी झाली, पहिली दुकानात, दुसरी ऑनलाइन. यूपीआय, आयएमपीएस स्वच्छ कळतात. एसीएच डीआर किंवा एनएसीएच म्हणजे कुणाला तरी दिलेली आपोआप वसुलीची परवानगी. एईपीएस म्हणजे आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावर झालेला व्यवहार. सीएचजी किंवा फी असेल तर बँकेचंच शुल्क.

पासबुकात मजकूर अर्धवट तुटलेला असेल तर शाखेत त्या तारखेचं सविस्तर विवरणपत्र मागा आणि काउंटरवर एवढंच विचारा : "हा व्यवहार कोणत्या चॅनलने झाला?" हा शब्द वापरलात की समोरचा कर्मचारी नेमकी नोंद उघडून बघतो. "माझे पैसे गेले" एवढंच म्हटलं तर बहुधा पिन बदलायचा सल्ला मिळतो.

काही नोंदी चोरीच्या नसतात, त्या आधी वेगळ्या काढा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात २० रुपये आणि ४३६ रुपये कापले गेले असतील तर ते बहुधा पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा योजनांचे वार्षिक हप्ते असतात. कधीतरी खातं उघडताना फॉर्मवर सही झालेली असते. मात्र एका माणसाला या योजनांचा लाभ एकाच खात्यातून घेता येतो. दोन बँकांतून हप्ते कापले जात असतील तर एका ठिकाणी लेखी अर्ज देऊन ते बंद करा. एटीएममधून रोख आली नाही आणि खात्यातून मात्र रक्कम वजा झाली, हाही वेगळा प्रकार. २० सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्या माणसाच्या खात्यात पोचलेच नाहीत तर ही मुदत १ दिवसाची आहे.

अंगठ्याची वाट

सोलापुरात या वाटेकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं आणि सर्वांत कमी दिलं जातं. पूर्व भागातल्या गल्ल्यांत, कुंभारीच्या विडी घरकुलात, रे नगरात, अक्कलकोट-मोहोळकडच्या गावांत एटीएमपेक्षा ग्राहक सेवा केंद्र जवळ असतं. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, निराधार योजनेचं मानधन, पेन्शन हे सगळं तिथेच अंगठा लावून काढलं जातं. ही सोय फार मोलाची आहे. पण या व्यवहाराला ना पिन लागतो, ना ओटीपी. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात.

पहिला बिघाड सर्वांत साधा आहे : "अंगठा आला नाही, परत लावा." वर्षानुवर्षं विड्या वळणाऱ्या, धुणी-भांडी करणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठसा खरंच चुकतो. म्हणून दुसऱ्यांदा बोट लावताना कुणाला संशय येत नाही. पण पहिला ठसा लागलेला असेल तर दुसरा ठसा म्हणजे दुसरी उचल, आणि पैसे एकदाचेच हातात मिळतात. यावर उपाय एकच आणि तो दरवेळी करायचा : दुसऱ्यांदा बोट लावण्याआधी पहिल्या प्रयत्नाची पावती मागायची. व्यवहार फसला तरी तशी पावती निघते. पावती देत नसतील तर बोट लावायचं नाही. बँकेचा मिस्ड कॉल क्रमांक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि केंद्राच्या दारातच शिल्लक तपासा. "फक्त शिल्लक बघतो" म्हणून बोट लावून घेतलं आणि यंत्रावर रक्कम टाकली, असंही घडतं. पडदा तुमच्याकडे वळवून रक्कम दाखवा, असं ठणकावून सांगा. यात अपमान कुणाचाच नाही.

दुसरा बिघाड अधिक गंभीर आहे. जुन्या दस्तांवर, करारांवर उमटवलेले अंगठे आणि सोबतचे आधार क्रमांक मिळवून त्यांचे सिलिकॉनचे ठसे तयार करण्याचे प्रकार देशात उघड झाले आहेत. इथे माणूस केंद्रावर गेलेलाच नसतो. पैसे भलत्याच जिल्ह्यातून निघतात. ओळखायची खूण म्हणजे एईपीएसची नोंद, बहुधा १०,००० किंवा त्याच्या आतली रक्कम, कारण एका व्यवहाराची मर्यादाच १०,००० आहे, आणि लागोपाठ दोन-तीन दिवस तशाच नोंदी.

ही वाट बंद करायला आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं. मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या ॲपमध्ये आधार क्रमांक टाकून ओटीपीने आत जायचं, लॉक-अनलॉकचा पर्याय निवडायचा आणि बायोमेट्रिक लॉक चालू करायचं. तिथेच आधार क्रमांक लॉक करण्याचाही वेगळा पर्याय असतो, दोन्हींत गल्लत करू नका. इथे आपल्याला हवंय ते बायोमेट्रिक लॉक. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. नंबर जोडलेला नसेल किंवा जुना असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलावा लागेल.

घरोघरी एक भीती असते की लॉक केलं तर लाडक्या बहिणीचे पैसे यायचे थांबतील. तसं होत नाही. सरकारी अनुदान खात्यात जमा होतं ते आधार जोडणीवर, त्याला तुमचं बोट लागत नाही. लॉकमुळे अडतं ते फक्त बोट लावायचं काम : केंद्रावरची उचल, रेशन दुकानातलं पॉस यंत्र, नवं सिम घेताना होणारी पडताळणी. त्या दिवशी रांगेत नंबर जवळ आला की फोनवरून तात्पुरतं अनलॉक करा. साधारण १० मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं. घरातली म्हातारी माणसं एकटी रेशनला जात असतील तर हे जमवताना ओढाताण होते, हे खरं आहे. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग बरा : शाखेत लेखी अर्ज देऊन त्या खात्यावरची एईपीएस उचल बंद करून घ्यायची. अनेक बँका हे करून देतात. मग रेशन चालू राहतं आणि खातं सुरक्षित राहतं.

त्याच संकेतस्थळावर आधार प्रमाणीकरणाचा इतिहास दिसतो, मागच्या ६ महिन्यांतला. कोणत्या तारखेला, किती वाजता, बोटाने की ओटीपीने तपासणी झाली, ते त्यात असतं. पैसे गेले त्या वेळी तुम्ही कारखान्यात हजेरीवर होता आणि इतिहासात मात्र बोटाची यशस्वी नोंद आहे, तर तो कागद बँकेसमोर फार बोलका पुरावा ठरतो. लगेच उतरवून घ्या, कारण ६ महिन्यांनी ती नोंद दिसेनाशी होते.

दरमहा तीच रक्कम, तीच तारीख

दर महिन्याला ठरावीक तारखेला ९९, १४९, २९९ असे आकडे जात असतील तर ते बहुधा यूपीआय ऑटोपे असतं. एखाद्या ॲपने "१ रुपयात ७ दिवस वापरा" म्हटलेलं असतं. तो १ रुपया भरताना टाकलेल्या पिनने पुढच्या वसुलीचीही परवानगी गेलेली असते. ॲप फोनमधून काढून टाकलं तरी परवानगी जिवंत राहते. लोक नेमके इथे अडकतात. ज्या यूपीआय ॲपमधून परवानगी दिली होती त्याच ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट या नावाचा भाग उघडा आणि ती रद्द करा. फोनमध्ये दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर प्रत्येकात बघा. कापणीच्या किमान २४ तास आधी सूचना पाठवणं बंधनकारक आहे, त्यामुळे जुने एसएमएस चाळले तर कंपनीचं नाव सापडतं.

एनएसीएचची नोंद असेल तर शाखेत जाऊन मॅन्डेट रद्द करण्याचा अर्ज द्या. त्यात यूएमआरएन नावाचा मॅन्डेटचा क्रमांक लिहावा लागतो, तो बँकेकडून मागून घ्या. कापणीच्या आदल्या दिवशी दिलेला अर्ज उपयोगाचा नाही, चार-पाच दिवस हाताशी ठेवा. एक काळजी मात्र घ्या : हप्ता खऱ्या कर्जाचा असेल आणि खात्यात पैसे न ठेवता तो परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच खटला होऊ शकतो. कर्ज कुणाचं, सही कुणाची हे पाहूनच पाऊल टाका. नातेवाइकाच्या टू-व्हीलरच्या कर्जासाठी आपल्या खात्याचा कोरा चेक आणि मॅन्डेट दिल्याचं विसरून गेलेले लोक कमी नाहीत.

फोन चोरीला गेला आणि मग खातं रिकामं झालं

गड्डा यात्रेत होम मैदानावर, आषाढीला पंढरपुरात, एसटी स्टँडवर बस पकडताना फोन जातो. लोकांना दुःख असतं फोनचं. फोन कुलूपबंद आहे, म्हणून बँकेची चिंता वाटत नाही. चोर मात्र सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि त्या नंबरवर येणारे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. यूपीआयचा नवा पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे ६ अंक, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो, किंवा आधारचे पहिले ६ अंक आणि ओटीपी. आता फोनच्या कव्हरमध्ये काय काय ठेवलंय ते आठवा. एटीएम कार्ड, आधारची झेरॉक्स. ती एवढी सवयीची गोष्ट आहे की चोराला शोधायलाही लागत नाही. कव्हरमधून कार्ड आजच बाहेर काढा.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा. मग बँकेला सांगून यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि कार्ड तिन्ही थांबवा. मग पोलिसांत हरवल्याची नोंद आणि दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक. बरेच जण उलटा क्रम धरतात : आधी ठाण्यात तासभर बसतात, मग नवं सिम आणि शेवटी बँक. त्या दोन-तीन तासांतच सगळं उरकलेलं असतं. यूपीआय लाइटमधली (किरकोळ खर्चासाठी ॲपमध्ये वेगळी ठेवलेली) रक्कम पिनशिवाय खर्च होते, तीही नुकसानीत धरा.

पुढच्यासाठी सिमला पिन लावून ठेवा. फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सिम लॉकचा पर्याय असतो. आधी सिम कंपनीचा मूळ पिन टाकावा लागतो, तो कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. ३ वेळा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडचा पीयूके क्रमांक लागतो. एकदा पिन लागला की दुसऱ्या फोनमध्ये घातलेलं सिम पिनशिवाय चालत नाही.

फोन हातात आहे, पण नेटवर्क अचानक गेलं आणि बराच वेळ आलंच नाही, तर कुणीतरी तुमच्या नावे दुसरं सिम काढल्याची शक्यता धरा. टॉवरची अडचण आहे म्हणून वाट पाहू नका. शेजारच्या माणसाच्या फोनला त्याच कंपनीचं नेटवर्क असेल तर अडचण टॉवरची नाही.

फाइल उघडली आणि मेसेज गायब होऊ लागले

लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, पीएम किसानची यादी, बँकेची केवायसी, अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल बसवली की ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. इथे पासवर्ड बदलणं निरुपयोगी, कारण नवा ओटीपीही तिकडेच जातो.

ताबडतोब फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा. १९३० आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. फोन घाईघाईत रीसेट करू नका. फाइल कुणाकडून आली, कधी आली, ॲपचं नाव काय, याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, तक्रारीला ते लागतात. मग ॲप काढा. निघत नसेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिन किंवा ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे फोनवर ताबा मिळवण्याचा, हक्क घेतलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो हक्क आधी काढावा लागतो, नाहीतर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. शेवटी पूर्ण रीसेट, आणि बॅकअपमधून फक्त फोटो आणि संपर्क परत घ्या. कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगलाही अनोळखी नंबर नाही ना, ते बघा. हे सगळं झाल्यावर दुसऱ्या सुरक्षित फोनवरून बँकेचे पासवर्ड बदला.

एटीएमच्या दारात

इथे थोडक्यात. मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात कार्ड गेलं की ते बदललं जातं. हातात परत आलेल्या कार्डावरचं नाव तिथेच वाचा. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शाने चालणारे व्यवहार वापरात नसतील तर बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा, ही सोय प्रत्येक बँकेने द्यायची असते. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात. रोख उचलीबद्दल तक्रार असेल तर त्या एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज आणि इलेक्ट्रॉनिक जर्नल (यंत्रात राहणारी व्यवहारांची नोंद) जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच अर्जात करा. फुटेज कायम साठवलं जात नाही. दोन महिन्यांनी मागितलं तर ते पुसलं गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

पिन घरातल्या मुलाला, पुतण्याला, शेजारणीला सांगितलेला असेल तर शांतपणे तिथूनही विचारपूस करा. आरोप न करता. अशा उचलीची जबाबदारी बँक घेत नाही, कारण पिन आपणच दिलेला असतो.

बँकेला लिहायचं कसं आणि दिवस मोजायचे कसे

रिझर्व्ह बँकेचे नियम या बाबतीत खातेदाराची खरी ढाल आहेत. ते ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आले. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघालं. चूक बँकेची असेल तर तुम्ही कधीही कळवा, भार बँकेवर. चूक ना बँकेची ना तुमची, बाहेरच्या यंत्रणेत कुठेतरी, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्याला ५,००० रुपये तुमच्या अंगावर येतात. गेलेली रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. ७ दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळं अवलंबून. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणजे ओटीपी दिला असला तरी लाजून गप्प बसू नका. तुमच्या बँकेचं चालू धोरण तिच्या संकेतस्थळावर असतं, ते शाखेत मागून एकदा वाचा.

दिवसांची मोजणी उदाहरणाने पाहा. शुक्रवारी, २३ जानेवारीला बँकेचा एसएमएस आला. तो दिवस धरायचा नाही. २४ ला चौथा शनिवार, २५ ला रविवार, २६ ला प्रजासत्ताक दिन, म्हणजे शाखा बंद. पहिला दिवस २७, दुसरा २८, तिसरा २९. गुरुवार २९ पर्यंत बँकेत नोंद झाली तर तुम्ही ३ दिवसांच्या आत आहात. मोजणी तुमच्या मूळ शाखेच्या कामकाजाच्या दिवसांप्रमाणे होते. आणि दिवस सुरू होतो तो बँकेने तुम्हाला कळवल्यापासून. बँकेने एसएमएस पाठवलाच नाही आणि पासबुक भरल्यावरच तुम्हाला कळलं, तर ते अर्जात स्पष्ट लिहा. मात्र खात्याला जोडलेला नंबर जुना असेल आणि तुम्ही बदल कळवला नसेल तर ही बाजू कमकुवत पडते. खात्यावर मुलाचा किंवा खातं उघडून देणाऱ्याचा नंबर असेल तर तो आजच बदलून घ्या.

अर्ज असा, याहून लांब नको :

"प्रति, शाखा व्यवस्थापक. माझ्या बचत खाते क्रमांक ____ मधून दि. ____ रोजी ____ वाजता रु. ____ चा व्यवहार एईपीएसद्वारे (किंवा जो असेल तो) झाला आहे. संदर्भ क्रमांक ____. हा व्यवहार मी केलेला नाही व त्यास माझी संमती नाही. मला याची माहिती दि. ____ रोजी एसएमएसने / पासबुक भरल्यावर मिळाली. १९३० वर तक्रार केली असून पोचक्रमांक ____ आहे. कृपया, १) खात्यावरील हा मार्ग त्वरित बंद करावा, २) रिझर्व्ह बँकेच्या अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबतच्या नियमांनुसार रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत खात्यात जमा करावी, ३) व्यवहाराचे ठिकाण, टर्मिनल क्रमांक व संबंधित नोंदी जतन करून त्यांची माहिती द्यावी."

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार ईमेलवर तिथूनच पाठवा आणि तक्रार क्रमांक मागा. १० दिवसांत जमा होणारी रक्कम ही तात्पुरती जमा असते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोवर ती तात्पुरती जमा खर्च करू नका, ती रोखलेलीही असू शकते.

शाखेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं : "ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत, तुम्हीच दिला असणार." खातेदार जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असं त्याच नियमांत लिहिलेलं आहे. नम्रपणे म्हणा की हे मला लेखी द्या. दुसरं : "आधी एफआयआर आणा, मग अर्ज घेतो." कळवण्याची मुदत एफआयआरला बांधलेली नाही. अर्ज आज घ्यायलाच हवा, पोलिसांचे कागद मागाहून जोडता येतात. या एका वाक्यामुळे अनेकांचे पहिले ३ दिवस ठाणं आणि शाखा यांच्यामधल्या फेऱ्यांत जातात.

बँक ऐकत नसेल तर

तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार भरता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एक पैसाही लागत नाही, एजंट किंवा वकील लागत नाही. त्याच विषयावर आधी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात गेला असाल तर लोकपाल तक्रार घेत नाही, त्यामुळे क्रम चुकवू नका. लोकपालाकडून समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, घटनेपासून २ वर्षांची मुदत. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

पैसे पतसंस्थेतल्या खात्यातून गेले असतील तर मार्ग वेगळा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथे लोकपालाचा हात पोचत नाही. संस्थेच्या व्यवस्थापकाला आणि अध्यक्षाला लेखी तक्रार करून तिची प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात द्या. आपल्याकडे घामाचे पैसे पतसंस्थेत ठेवणारी घरं खूप आहेत, म्हणून हा फरक आधीच माहीत असलेला बरा.

गोठवलेली रक्कम परत मिळवताना

१९३० मुळे रक्कम गोठवली गेली याचा अर्थ ती परत आली असा नाही. ती समोरच्या बँकेत अडकून राहते. शहरात राहत असाल तर सोलापूर शहर पोलिस आयुक्तालयाचं सायबर ठाणं, बार्शी, माढा, पंढरपूर, अक्कलकोटकडचे असाल तर सोलापूर ग्रामीण पोलिस. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो योग्य हद्दीत पाठवता येतो, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. त्यामुळे हद्दीच्या कारणावरून परत फिरू नका. तपास अधिकाऱ्याकडून कोणत्या बँकेत किती रक्कम गोठली याचा तपशील लेखी घ्या. ती सोडवण्यासाठी बहुधा याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज द्यावा लागतो. सोबत पोचक्रमांक, खात्याचं विवरणपत्र, ओळखपत्र आणि बँकेकडे दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडा. आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत समोरच्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (अशी प्रकरणं पाहायला नेमलेल्या) द्या आणि पोच घ्या. आदेश फाइलमध्येच पडून राहिल्याने महिनोन्‌महिने रक्कम न मिळालेले लोक असतात.

या काळात "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो" म्हणून फोन येतील. पोचक्रमांक, रक्कम, बँकेचं नाव सगळं बरोबर सांगतील. प्रक्रिया शुल्क म्हणून ५०० रुपये मागतील किंवा स्क्रीन शेअर करायला लावतील. पोलिस, बँक, लोकपाल यांच्यापैकी कुणीही परतावा देण्यासाठी पैसे, पिन किंवा ओटीपी मागत नाही. तो फोन ठेवा आणि आलेला नंबर संचार साथीच्या चक्षू या, संशयित फोन कळवण्याच्या, विभागात नोंदवा.